अंगठा उठवण्याआधी

कामावर अपघात झाला की पहिल्या आठवड्यातच जखमी माणसासमोर एक कागद येतो. हाताला पट्टी असते, सलाईन चालू असतं, बायको गावाहून निघालेली पण अजून पोचलेली नसते. अशा वेळी सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस फळं घेऊन येतो. खाटेशेजारी बसतो, ‘काळजी करू नकोस, शेठ तुला वाऱ्यावर सोडणार नाहीत’ म्हणतो, आणि उठता उठता स्टॅम्प पेपर पुढे करतो. त्यावर आधीच टाइप केलेलं असतं: अपघात माझ्या चुकीने झाला, मला इतकी रक्कम मिळाली, यापुढे माझी काही तक्रार नाही. उजवा हात जायबंदी असेल तर डाव्या हाताचा अंगठा घेतात.

हा लेख त्या कागदाविषयी आहे. तो पुढे येईल तेव्हा काय करायचं, त्याआधी काय करून ठेवायचं आणि त्यानंतर कुठे जायचं, एवढंच मला सांगायचं आहे. तुम्ही पॉवर प्रेसवर काम करत असाल, बांधकामावर असाल, यंत्रमागावर असाल किंवा यातल्या कुणाचे आई, बायको, भाऊ असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. चालत्या मागातून धोटा उडाला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडे पैसे दिले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. आई त्या मालकाला देवमाणूस म्हणायची. एका डोळ्याचं मोल कायद्याच्या तक्त्यात लिहून ठेवलेलं आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर वडील राहिले नव्हते. आमच्या घरात तेव्हा कुणीतरी हे चार शब्द सांगायला हवे होते. म्हणून आज मी ते तुम्हाला सांगतो आहे.

चूक कुणाची, हा प्रश्नच नाही

सगळ्यात आधी मनातली एक समजूत काढून टाका. ‘माझंच लक्ष नव्हतं, माझ्याच चुकीने हात गेला, मग मी कुठल्या तोंडाने पैसे मागू?’ जखमी कामगार हे सारखं म्हणतो, आणि मालकाच्या कागदावरही नेमकं हेच लिहिलेलं असतं.

कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 चा आहे. त्याचा पाया असा की, काम करत असताना आणि कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. घाई झाली, डुलकी लागली, हात चटकन मागे घेता आला नाही, यातल्या कशानेही हक्क जात नाही. कामगार दारूच्या अंमलाखाली होता, किंवा त्याने सुरक्षेचा नियम किंवा यंत्राचं गार्ड जाणूनबुजून धुडकावलं आणि त्यामुळेच अपघात झाला, असं मालकाने दाखवलं तर गोष्ट वेगळी. पण मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर तेवढी सबबही मालकाला चालत नाही.

दुसरी समजूत ठेकेदाराची. ‘तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस,’ असं कंपनी सांगते आणि ठेकेदार फोन बंद करतो. कंपनीच्या जागेत, कंपनीच्या धंद्याचं काम करताना अपघात झाला असेल तर मूळ मालकही भरपाईला बांधलेला आहे. त्याने आधी पैसे द्यावेत आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसावं, हे कायद्यातच आहे.

तिसरी समजूत, ‘मी रोजंदारीवर होतो, कायम नव्हतो.’ 2000 सालच्या दुरुस्तीनंतर हंगामी आणि रोजंदारीवरच्या माणसालाही हा कायदा लागू झाला. शेतावरच्या मजुरांनी तर हे नीट ऐकावं. ट्रॅक्टरने किंवा विजेवर, इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने होणाऱ्या शेतीतलं काम या कायद्याच्या यादीत आहे. मळणी यंत्रात हात गेला तर ‘शेतीत कसली आली भरपाई’ असं कुणी म्हणालं म्हणून गप्प बसू नका.

आणि तो स्टॅम्प पेपर? हक्क सोडून देणारा किंवा मालकाची जबाबदारी कमी करणारा करार या कायद्याने रद्दबातल ठरतो. खरीखुरी तडजोड झाली असेल तर ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम फार कमी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम थेट घरच्यांच्या हातात द्यायचीच नाही, ती आयुक्तांकडे जमा करायची. त्यामुळे ज्यांनी आधीच सही करून दिली आहे त्यांनीही आशा सोडू नये. सही झाली म्हणून दावा संपत नाही. तो चालवणं अवघड मात्र होतं, कारण ‘अपघात झालाच नाही’ किंवा ‘पैसे पोचले’ असा कागद समोरच्याच्या हातात गेलेला असतो.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

दावा कोर्टात उभा राहतो तो पहिल्या आठ दिवसांतल्या कागदांवर. मागाहून कितीही चांगला वकील मिळाला तरी तेव्हा न केलेली नोंद तो निर्माण करू शकत नाही.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर विचारतात, काय झालं? तिथे खरं सांगा. ‘अमुक कंपनीत प्रेसवर काम करताना डायमध्ये हात गेला,’ असं सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहिलंय का ते पाहा. कंपनीचा माणूस पुष्कळदा सोबत असतो आणि परस्पर ‘घरी जिन्यावरून पडला’ असं सांगून मोकळा होतो. ते एक वाक्य पुढे पाच वर्षं तुमच्याविरुद्ध उभं राहतं. मोठी जखम असेल तर दवाखान्याने एमएलसी करावी, म्हणजे पोलिसांना कळवावं, असा आग्रह धरा. पोलीस जबाब घ्यायला आले की तोच जबाब द्या आणि त्याची नक्कल मागा.

मग अपघाताची खबर मालकाला लेखी द्या. साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, यंत्र, जखम आणि जवळ कोण होतं एवढं लिहिलं तरी पुरे. हाताने देता येत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवून ठेवा. कारखाना असेल तर एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात द्या. नोटीस द्यायची राहून गेली तरी मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आलं तर दावा बुडत नाही. पण तशी वेळ का येऊ द्यायची?

त्यानंतर तुम्ही तिथे कामाला होता, याचा पुरावा गोळा करा. लहान शेडमध्ये नेमणुकीचं पत्र नसतं, पगाराची स्लिप नसते. तरी खुणा असतात. गेटपास, ओळखपत्र, हजेरीच्या पानाचा फोटो, बँकेत किंवा फोनवर आलेला पगार, सुपरवायझरचे ‘उद्या सेकंड शिफ्टला ये’ असे मेसेज, सोबत्यांबरोबर यंत्रापाशी काढलेला फोटो. हे सगळं एका नातेवाइकाच्या फोनवरही पाठवून ठेवा. जवळ काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि नंबर लिहून घ्या. ती पोरं महिन्या-दोन महिन्यांत दुसरीकडे कामाला जातात आणि मग सापडत नाहीत.

औषधाची प्रत्येक पावती ठेवा. 2009 च्या दुरुस्तीपासून उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो, तोही भरपाईच्या रकमेला हात न लावता. तीस रुपयांच्या पट्टीची पावतीसुद्धा टाकू नका.

ईएसआय आहे का, ते आधी पाहा

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसते का? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला, दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आणि योजना लागू असलेल्या आस्थापनेत, राज्य विमा योजनेचं संरक्षण मिळतं. 2019 पासून कामगाराकडून पगाराच्या 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. पंधरा हजार पगार असेल तर तुमचे एकशे साडेबारा रुपये जातात. तेवढ्यावर मिळतं काय ते पाहा. अपघातानंतर कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या 90 टक्के दराने पैसे. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम चालू होते. मृत्यू झाला तर बायको-मुलांना दरमहा आधार. अपघाताच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क आहे.

ईएसआय असेल तर त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. म्हणून आधी हे ठरवावं लागतं की आपली वाट कोणती.

इथे एक जुनी चलाखी चालते. माणसाला सहा महिने, वर्षभर राबवतात, पण त्याची नोंदणी करत नाहीत. हात गेला की त्याच दिवशी संध्याकाळी संगणकावर विमा क्रमांक काढतात आणि कामावर लागल्याची तारीख आजची किंवा कालची टाकतात. वाहन उद्योगाच्या पुरवठादार कारखान्यांत बोटं गमावलेल्या कामगारांबरोबर काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते. अपघातानंतरच ईएसआय कार्ड हाती पडल्याच्या तक्रारी त्यांत वारंवार आलेल्या आहेत. तुमच्या बाबतीत असं झालं तर गप्प राहू नका. कामावर लागल्याची खरी तारीख ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी कळवा, पगाराचा पुरावा जोडा. मालकाने नोंदणी केली नाही हा त्याचा गुन्हा आहे, त्याची शिक्षा तुम्ही भोगायची नाही.

आणि जे आज धडधाकट आहेत त्यांनी आजच संध्याकाळी पगाराची स्लिप काढावी. आपला दहा अंकी विमा क्रमांक शोधावा, त्यात बायको-मुलांची नावं आहेत का पाहावं. क्रमांक नसेल तर चार जणांनी मिळून मागावा. एकट्याने मागितला तर दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात, चौघांना अडवणं जड जातं.

हिशेब स्वतः करून पाहा

ईएसआय नसेल तर भरपाईचा कायदा. त्यातला हिशेब अवघड नाही. कायम अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. मृत्यू असेल तर 60 च्या जागी 50 टक्के. तिसाव्या वर्षी तो आकडा 207.98 आहे, चाळिसाव्या वर्षी 184.17. अपंगत्व पूर्ण नसेल तर आलेल्या रकमेतून जखमेच्या टक्केवारीइतका भाग मिळतो. टक्केवारीचा तक्ता कायद्याला जोडलेला आहे. अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी मुळापासून गेली तर 14, एका हाताची चार बोटं गेली तर 50, एक डोळा गेला आणि दुसरा नीट असेल तर 40.

उदाहरण घेऊ. तीस वर्षांच्या, पंधरा हजार पगाराच्या कामगाराचा अंगठा प्रेसमध्ये गेला. 9,000 गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820. त्याचे 30 टक्के म्हणजे 5,61,546 रुपये. आता त्या स्टॅम्प पेपरवर किती लिहिलं होतं ते आठवा. वीस हजार? पन्नास हजार? फळांच्या पिशवीसकट?

यावर व्याजही आहे. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के सरळ व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशीच, निकालाच्या दिवशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितलं. तो खटला एका सुताराचा होता. सिनेमागृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, तक्त्याप्रमाणे टक्केवारी द्या. न्यायालय म्हणालं, सुताराला सुतारकाम करायला दोन हात लागतात, तेव्हा त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. हे लक्षात ठेवा. टक्केवारी फक्त तक्ता सांगत नाही. तुम्ही काय काम करत होता आणि ते आता होतं का, हेही पाहिलं जातं. सरकारी दवाखान्याचं दिव्यांग प्रमाणपत्र शरीराचं सांगतं, कमाईचं सांगत नाही. डॉक्टरांकडून ‘हे काम आता करता येणार नाही’ असं लेखी घ्या, आणि साक्षीला यावं लागेल याची त्यांना आधीच कल्पना द्या.

दावा दोन वर्षांच्या आत लावा. उशिराचं चांगलं कारण असेल तर माफी मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका. आपल्या राज्यात आयुक्ताचं काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश करतात, काही जिल्ह्यांत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. अपघात चाकणला झाला आणि तुम्ही लातूरला गावी परतलात, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. तारखेला पुण्याला जाऊन दिवस आणि भाडं घालवायची गरज नाही.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. 1987 च्या कायद्याने औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. ‘निकाल लागला की तिसरा हिस्सा माझा’ असं सांगणाऱ्याला कागद देण्याआधी त्या कार्यालयात एकदा जाऊन या. भरपाईची रक्कम कर्जापोटी जप्त करता येत नाही, कुणाच्या नावावर करून देता येत नाही. सावकारालाही हे सांगा.

21 नोव्हेंबर 2025 पासून भरपाईचा आणि ईएसआयचा, हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. नाव आणि कलमांचे क्रमांक बदलले, भरपाईचा मूळ सांगाडा तोच आहे. ‘तो कायदा रद्द झाला, आता भरपाई नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दावा चालतो तोवर घर कसं चालतं

आता जे कागदावर नाही ते बोलतो. जखमी माणूस लवकर तडजोड करतो, कारण त्याच्या घरात पीठ संपलेलं असतं. खोलीचं भाडं थकतं, बचत गटाचा हप्ता चुकतो, बायकोचं मंगळसूत्र गहाण पडतं. मोठी पोरगी शाळेतून काढून धाकट्यांना सांभाळायला बसवली जाते आणि आई चार घरची धुणीभांडी धरते. तीन महिन्यांनी मालकाचा माणूस परत येतो तेव्हा त्याला हे सगळं ठाऊक असतं. त्याच्या खिशातले तीस हजार तेव्हा कोर्टातल्या पाच लाखांपेक्षा मोठे दिसतात. मी त्या सही करणाऱ्याला दोष देत नाही. भूक थांबत नाही आणि तारीख मात्र पुढे जात राहते.

तारीख किती पुढे जाते याचा दाखला आपल्या मराठवाड्यातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्याच्या अलीकडे काही किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी 2009 मध्ये 3,26,140 रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी अपिलात गेली आणि 2011 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण अपघात कारखान्यात नव्हे, रस्त्यावर झाला होता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. कामावर जाता-येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल, तर कामावरचाच धरायचा, हे त्यामुळे पक्कं झालं. हा निकाल हजारो घरांना उपयोगी पडेल. पण त्या विधवेने बावीस वर्षं वाट पाहिली. तीन महिन्यांत निकाल लावावा असं कायदा सांगतो.

म्हणून दावा लावताना सोबत घर चालवण्याची तजवीज करा. मालक जेवढी जबाबदारी कबूल करतो तेवढी रक्कम त्याने लगेच द्यायची असते, ती मागा. घेतल्याने उरलेला हक्क जात नाही. पावतीवर मात्र ‘अंतिम’ किंवा ‘पूर्ण’ असा शब्द नाही ना, ते वाचा. बांधकाम कामगार असाल आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसांना 5 लाख रुपये मिळतात. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नोंद अपघाताआधी झालेली असावी लागते. बँकेत वर्षाला 20 रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल तर अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. पासबुकात ती कपात दिसते का पाहा. पुष्कळ विधवांना आपल्या नवऱ्याचा हा विमा होता हेच ठाऊक नसतं.

कायद्यात काय बदलायला हवं

रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, हे आपण शाळेत शिकतो. सप्टेंबर 1884 मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं, त्यात रविवारची मागणी होती. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, ती आपण विसरलो. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या मागणीला 140 वर्षं होऊन गेली. रविवार मिळाला. पण ईएसआय नसलेल्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वात आजही दर पंधरवड्याला पगाराच्या पाव हिश्शाइतकी, म्हणजे महिन्याला अर्ध्या पगाराइतकीच भरपाई कायद्याने मिळते. पूर्ण पगार अजून नाही. अर्ध्या पगारात बरं व्हायचं आणि घरही चालवायचं, हे ज्याने ठरवलं त्याने कधी खोलीचं भाडं भरलेलं नसावं. हा नियम बदलायला हवा.

भरपाई मोजताना पगार कितीही असला तरी तो एका मर्यादेपर्यंतच धरतात, ही दुसरी अडचण. 2010 पासून ती मर्यादा 8,000 रुपये होती आणि जवळजवळ दहा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. 3 जानेवारी 2020 ला ती 15,000 झाली. वरच्याच उदाहरणातला अंगठा आदल्या महिन्यात, डिसेंबर 2019 मध्ये गेला असता तर 5,61,546 च्या जागी तीन लाखांहूनही कमी मिळाले असते. अंगठा तोच, पगार तोच. ही मर्यादा ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. ती दरवर्षी महागाईबरोबर आपोआप वाढली पाहिजे, ही मागणी प्रत्येक संघटनेने, प्रत्येक खासदाराकडे, लेखी केली पाहिजे.

आणि यंत्रावर हात ठेवण्याआधी माणसाचा विमा क्रमांक तयार असला पाहिजे. नोंदणी नसलेला कामगार प्रेसवर सापडला तर अपघाताची वाट न पाहता कारवाई झाली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. भा. पु. अदारकर यांचा आरोग्य विम्याचा अहवाल 1944 मध्ये आला, आणि त्या पायावर 1948 चा राज्य विमा कायदा उभा राहिला. इतक्या कष्टाने उभारलेली योजना कामगारापर्यंत तो अपंग झाल्यावर पोचावी, ही शरमेची गोष्ट आहे.

लहान कारखानदारांनाही माझं सांगणं आहे. तुमच्यातले कितीतरी जण स्वतः प्रेसवर काम करून वर आले आहेत. दोन हातांनी दाबायचं बटण, चालणारा सेन्सर, जागेवर असलेलं गार्ड, यांचा खर्च एका हाताच्या भरपाईपुढे फार थोडा आहे. माल लवकर काढायचा म्हणून सेन्सर बंद करून ठेवू नका. 3.25 टक्के वेळेवर भरा. ज्या दिवशी अपघात होईल त्या दिवशी ते तुम्हालाही वाचवतील.

शेजाऱ्यांनो, गावकऱ्यांनो, तुमच्या गल्लीत असा कुणी घरी येऊन पडला असेल तर भेटायला जाताना नारळाबरोबर एक फाइल घेऊन जा. त्याचे कागद तारखेप्रमाणे लावून द्या. शिकलेल्या पोराने अर्ज लिहून द्यावा, एखाद्याने त्याच्याबरोबर विधी सेवा कार्यालयात जावं. सोबत काम करणाऱ्यांनी साक्षीला यावं. आज त्याच्यासाठी गेलात तर उद्या तुमच्यासाठी कुणी येईल.

आणि ज्याच्यासमोर तो कागद येईल त्याच्यासाठी शेवटचं. भांडू नका, फाडू नका, घाबरूही नका. कागदाचा फोटो काढून घ्या आणि एवढंच म्हणा: ‘घरी वाचून सांगतो.’ मग अंगठा उठवू नका.